जुन्या गाडीसाठी घरगुती हत्यारं: जुगाड कुठे चालतो, कुठे अजिबात नाही

बेळगाव / प्रतिनिधी

ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, त्याआधीची फियाट ११००. सीमाभागात आणि खाली गोव्यात अशा गाड्या अजून काही घरांच्या शेडमध्ये आहेत. कुणाच्या वडिलांनी घेतलेली, कुणी हौसेने भंगारातून उचललेली. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी २००० च्या आसपास बंद झाली, उत्तरपाऱ्याची ॲम्बेसेडर २०१४ मध्ये थांबली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदतही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

आता खरी अडचण मिस्त्रींची आहे. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारे मिस्त्री थकले. नवीन पोरं स्कॅनर लावून काम शिकलेली, आणि या गाड्यांना स्कॅनर लावायला जागाच नाही. त्यामुळे मालकाला थोडं तरी स्वतः करता आलं, तर गाडी चालू राहते. नाहीतर किरकोळ दोषावरून ती उभी राहते आणि उभी गाडी गंजून संपते.

त्यासाठी महागडा टूलकिट लागत नाही. मात्र एक हिशेब पक्का ठेवायचा. बघणं, मोजणं, ऐकणं, धरून ठेवणं यासाठीची हत्यारं घरी करता येतात. ज्या वस्तूवर गाडीचं वजन येतं, ज्यात स्प्रिंगची ताकद दाबलेली असते किंवा ज्यावर ब्रेक अवलंबून असतो, ती घरी करायची नाही.

१. चाचणी दिवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. १२ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब, त्याचा होल्डर, दोन वायरी. एका वायरीला मगरचिमटा, दुसरीला जाड सुई किंवा घासून टोक काढलेला स्क्रू ड्रायव्हर. चिमटा बॉडीला लावायचा, टोक वायरीच्या जोडावर टेकवायचं. दिवा लागला तर तिथपर्यंत करंट येतोय. फ्यूज, स्विच, हेडलाइट, हॉर्न यांतले बहुतेक दोष एवढ्यावर सापडतात.

जोडीला साधा डिजिटल मल्टिमीटर विकत घ्यावा. रात्रभर थांबलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन थोडं रेस करून धरल्यावर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा हवा. जुना डायनॅमो आयडलवर चार्ज करत नाही, तो दोष समजू नये.

स्टार्टर जड फिरत असेल तर लगेच नवी बॅटरी घेऊ नका. मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टोकावर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडावर धरा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची वायर किंवा तिचा जोड खराब आहे. घासून घट्ट केलं की काम होतं, बॅटरीचे पैसे वाचतात.

एक इशारा: १९६० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. चार्जर किंवा जंप केबल लावण्याआधी ते बघून घ्या.

२. त्याच दिव्यावर टायमिंग

आधी सीबी पॉइंटचा गॅप सेट करायचा, कारण गॅप बदलला की टायमिंगही बदलतं. ॲम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात हा गॅप १५ थाऊ, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. फिलर गेज फार महाग नसतो, तो घ्यावाच. रस्त्यात अडकलात तर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीवर घरापर्यंत येता येतं.

मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवायचं आणि पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशावर आणायची. चाचणी दिव्याचं एक टोक डिस्ट्रिब्युटरला कॉइलकडून येणाऱ्या बारीक वायरीच्या जोडावर, दुसरं बॉडीला. इग्निशन चालू करून डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करायचा आणि डिस्ट्रिब्युटर हळू फिरवायचा. पॉइंट उघडतो त्या क्षणी दिवा लागतो. तिथेच क्लॅम्प आवळायचा. काम झालं की इग्निशन लगेच बंद. पॉइंट मिटलेला असताना चावी चालू राहिली तर कॉइल तापते.

३. टॅपेटसाठी नऊचा नियम

याला हत्यार लागत नाही, फक्त वजाबाकी लागते. ॲम्बेसेडरच्या इंजिनाला आठ व्हॉल्व्ह. पुढून १ ते ८ असे आकडे द्या. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल त्याचा आकडा ९ मधून वजा करा, जो येईल तो व्हॉल्व्ह तपासा. १ दाबलेला असेल तर ८, २ असेल तर ७, ३ असेल तर ६. खडूने कव्हरजवळ आकडे लिहून ठेवले की चूक होत नाही. गॅप किती आणि इंजिन गरम असताना की थंड, हे मात्र मॅन्युअलप्रमाणेच.

४. ऐकण्याची नळी

बागेला पाणी घालायच्या पाइपचा तीनेक फुटांचा तुकडा. एक टोक कानाजवळ, दुसरं चालू इंजिनाजवळ फिरवायचं. वॉटर पंपाचं बेअरिंग, डायनॅमोचं बेअरिंग, टॅपेटची टकटक, मॅनिफोल्डमधून सुटणारी हवा, प्रत्येकाची जागा वेगळी कळते. पाइप, शर्टाची बाही आणि गळ्यातला गमछा पंख्यापासून लांब ठेवा.

५. पाने: इंच की मिलिमीटर

निम्म्या नटांच्या कडा इथेच जातात. फियाट-पद्मिनीचे नट मिलिमीटरचे, जुन्या ॲम्बेसेडरचे इंचाचे. ॲम्बेसेडरच्या पुढच्या काळातल्या इसुझू इंजिनाला परत मिलिमीटर. पानं उचलण्याआधी हे बघा:

• ७/१६ इंच = ११.११ मिमी. ११ चा पाना बहुधा बसत नाही, १२ चा सैल.
• १/२ इंच = १२.७ मिमी. १३ चा बसतो, पण सैल. घट्ट नटावर नको.
• ९/१६ इंच = १४.२९ मिमी. १४ चा जात नाही, १५ चा कडा खातो.
• ५/८ इंच = १५.८८ मिमी. १६ चा चालतो.
• ३/४ इंच = १९.०५ मिमी. १९ चा चालतो.

म्हणजे ॲम्बेसेडरवाल्याने सगळा सेट नाही घेतला तरी ७/१६, १/२ आणि ९/१६ चे रिंग पाने घ्यावेतच.

६. अडकलेला नट, फिरणारा स्टड

नट आदल्या दिवशी भिजवून ठेवायचा. गिअरबॉक्सचं एटीएफ ऑइल आणि ॲसिटोन सारख्या भागात मिसळलं की ते आट्यांत चांगलं शिरतं. मिश्रण लगेच पेट घेतं, त्यामुळे थोडंच करा, काचेच्या बाटलीत ठेवा आणि ते लावलेल्या जागी आग लावू नका. दुसऱ्या दिवशी नटाच्या कडेवर हातोडीचे हलके ठोके, मग पाना, थोडं आवळून मग सोडायचं.

स्टड काढायचा असेल तर त्यावर दोन नट चढवा, एकमेकांवर घट्ट आवळा आणि खालचा नट उलटा फिरवा. स्टड नटांसकट बाहेर येतो.

७. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा

वॉटर पंप किंवा टायमिंग कव्हर उघडताना त्याचा आकार जाड पुठ्ठ्यावर काढून, प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवा. बोल्टांची लांबी वेगवेगळी असते, आणि लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर कास्टिंगला तडा जातो. दुरुस्ती महिनाभर रखडली तरी पुठ्ठा विसरत नाही.

गॅस्केट मिळत नसेल तर गॅस्केटचा कागद घेऊन भागावर पसरवायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकायचं. कड उमटते, कागद तिथेच कापला जातो. पाणी आणि ऑइलच्या साध्या कव्हरांना हे चालतं. हेड गॅस्केटला चालत नाही.

८. क्लच मधोमध बसवताना

क्लच प्लेट केंद्रात नसेल तर गिअरबॉक्स परत बसता बसत नाही. भंगारातल्या त्याच मॉडेलच्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट मिळाला तर उत्तम. नाहीतर लाकडी दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून दोन जाड्या करायच्या: पुढची पायलट बुशमध्ये बसेल अशी, मागची प्लेटच्या भोकात बसेल अशी. कायमचा हवा असेल तर माप देऊन लेथवर करून घ्यावा. फाउंड्री आणि मशीन शॉपांच्या उद्यमबागेत लेथवाला शोधावा लागत नाही.

९. गंज काढायची बादली

प्लास्टिकची बादली, पाणी, चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि साधा बॅटरी चार्जर. गंजलेला लोखंडी भाग मायनसला, भंगारातला लोखंडी पत्रा प्लसला. दोघं एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. रात्रभरात गंज सुटून ब्रशने निघतो, चांगलं लोखंड खात नाही.

हे काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन सुटतो. हात घालण्याआधी चार्जर बंद. प्लसला स्टेनलेस स्टील कधीच नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. ॲल्युमिनियमचे भाग आणि स्प्रिंग या बादलीत घालू नयेत.

१०. पेट्रोल आणि जुने रबर

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीतले रबरी पाइप, पंपाचा डायाफ्राम, कॉर्कची पॅकिंग त्यासाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, मऊ पडतात, शेवटी गळतात. पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर गळलं तर गाडी जळते. म्हणून पाइप इथेनॉलला टिकणारे बदलून घ्यावेत आणि दर महिन्याला वास आणि ओल तपासावी.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे बघायचं असेल तर काचेच्या मापनळीत २० मिलि पाणी, वर १०० मिलि पेट्रोल, बूच लावून हलवायचं आणि थांबायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर ४० च्या आसपास गेला तर इथेनॉल साधारण २० टक्के. अंदाज ढोबळ आहे, पण पुरेसा. ही चाचणी उघड्यावर, आगीपासून लांब करा. आणि पार्ट धुवायला पेट्रोल वापरू नका, डिझेल वापरा.

११. ब्रेकची हवा काढणं

इथे बाटली घरची चालते, ब्रेक ऑइल नाही. पारदर्शक नळीचं एक टोक ब्लीडरच्या निपलवर, दुसरं बाटलीतल्या थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडालेलं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. नळीतले बुडबुडे थांबेपर्यंत पेडल मारायचं आणि वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. बाटलीत जमलेलं ऑइल परत भरू नये. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात दर दोन वर्षांनी ते बदलावंच. त्यात इंजिन ऑइल टाकलं तर सगळे रबर फुगून ब्रेक जातात. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, तो फुप्फुसात बसतो. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

इथे जुगाड नाही

पहिलं, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. चिरे किंवा विटा रचून तर नाहीच. चिरा तडकताना आधी सांगत नाही, आणि ॲम्बेसेडर हजार किलोच्या वरची गाडी आहे. लोखंडी घोड्यांची जोडी विकत घ्या. घरी करायचं असेल तर चाकाला लावायचे लाकडी त्रिकोणी ठोकळे करा. काढलेलं चाक चॅसिसखाली आडवं सरकवून ठेवा. घोडी सरकली तरी अंग दबत नाही.

दुसरं, पद्मिनीच्या पुढच्या कॉइल स्प्रिंग तारेने बांधून किंवा रॉड लावून उतरवायच्या नाहीत. ॲम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार असतो, त्यातही तेवढीच ताकद भरलेली असते. हे काम योग्य हत्यार असलेल्या मिस्त्रीकडेच.

तिसरं, स्टिअरिंगच्या जोडांना आणि ब्रेकच्या पाइपांना वेल्डिंग किंवा एमसील नको. भाग मिळेपर्यंत गाडी उभी राहिली तरी चालेल.

कागदपत्रांचंही बघा

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि तिथे दिवे, ब्रेक, हॉर्न हेच बघतात. ५० वर्षांपुढच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांत व्हिंटेज नोंदणी आहे, 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नियमांत नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठरली, नूतनीकरणाची ५,०००. मात्र ही नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. रोज बाजाराला नेणाऱ्याने अर्ज करण्याआधी याचा विचार करावा.

सुरुवात कुठून करावी

पहिल्या महिन्यात चाचणी दिवा, ऐकण्याची नळी, ब्लीडिंगची बाटली आणि लाकडी ठोकळे घरी करा. दुसऱ्या महिन्यात मल्टिमीटर, फिलर गेज आणि आपल्या गाडीच्या मापाचे रिंग पाने घ्या. घोड्यांची जोडी मात्र गाडीखाली पहिल्यांदा जाण्याआधीच घ्या. आणि जुने मिस्त्री अजून गॅरेजला येत असतील तर एखादं काम त्यांच्याकडूनच, शेजारी उभं राहून करून घ्या. प्रत्येक गॅप आणि माप वहीत लिहून ठेवा.