छायाचित्राखालचे नाव

छायाचित्रणाचा शोध कोणी लावला, या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात तीन-चार नावांत संपते. निसेफोर निएप्स या फ्रेंच गृहस्थाने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकीतून दिसणारे दृश्य धातूच्या पत्र्यावर उमटवले. लुई दागेरची पद्धत १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. इंग्लंडात फॉक्स टॅल्बॉटने कागदी निगेटिव्हवरून एकाच चित्राच्या अनेक प्रती काढण्याची वाट दाखवली. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवर कलोडियनचा ओला थर देऊन चित्र घेण्याची रीत प्रसिद्ध केली. ही यादी खरी आहे. पण ती यंत्राची आणि रसायनांची यादी आहे. यंत्रापुढे कोणाला उभे केले गेले, कोणी उभे केले आणि चित्राखाली काय लिहिले, हे तिच्यात येत नाही. आपल्याला कर्तव्य आहे ते या दुसऱ्या इतिहासाशी.

हे तंत्र आपल्याकडे फार लवकर आले. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. इंग्रज अंमलदारांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय विद्वानही तिच्यात होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. ही विद्या नवी होती. तिच्यावर कोणत्याही शास्त्राचा पहारा नव्हता, कोणत्याही घराण्याची मिरास नव्हती. तरीही ती कोणाच्या हाती गेली? ज्यांच्याकडे इंग्रजी होती, पैसा होता आणि शाळेचे दार ज्यांना उघडे होते त्यांच्या. त्याच सुमारास पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले महार-मांगांच्या मुलांच्या हाती पहिली पाटी देत होते. मुंबईत काचेची पाटी आली तेव्हा आपल्याला दगडी पाटीसाठी झगडावे लागत होते. पोथीने दार अडवले नाही, तरी जुनी विषमता नव्या विद्येचे दार आपोआप अडवते, हा धडा येथे मिळतो.

१८५७ च्या उठावानंतर सरकारला आपली प्रजा ‘ओळखून’ घेण्याची निकड वाटू लागली. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ लंडनहून निघाला. त्यात चारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. जमातीचे नाव, तिच्या स्वभावाचे वर्णन, ती राजनिष्ठ की उपद्रवी याचा निवाडा, असा सारा मजकूर चित्रासोबत छापला गेला. चित्रातल्या बहुतेक माणसांचे स्वतःचे नाव मात्र छापले गेले नाही. राजेरजवाड्यांचे छायाचित्र नावाने ओळखले जाई, कष्टकऱ्याचे जातीने. मनुस्मृतीने जे शब्दांत केले, ते आता प्रकाशाच्या साक्षीने होऊ लागले.

ही साक्ष तरी कितपत खरी होती? मुंबईचा छायाचित्रकार विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ साली मुंबईतील जातिजमातींवर दोन खंड काढले. त्यातली अनेक चित्रे जोडकामाची आहेत. माणसे एका ठिकाणी टिपली आणि पाठीमागे दुसऱ्याच ठिकाणचा देखावा चिकटवला. ज्याला लोक निसर्गाचा आरसा समजत होते, त्यात कात्रीही चालत होती.

आता रसायनाकडे येऊ. ओल्या काचेच्या रीतीत थर वाळण्यापूर्वी चित्र घेऊन धुवावे लागे. म्हणून काळोखी तंबू, काचा, औषधे, पाणी असा सारा संसार डोंगरदऱ्यांतून वाहून न्यावा लागे. वाहणाऱ्यांची नावे अल्बममध्ये सापडत नाहीत. कागदावर प्रत उमटवायला अंड्याचा पांढरा बलक लागे. पुढे १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनचा थर सुचवला आणि कोरड्या काचांचे युग आले. जिलेटिन तयार होते जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून! ज्यांना स्पर्श केल्याबद्दल आपल्या बापजाद्यांना गावाबाहेर ठेवले, त्याच वस्तूंच्या थरावर सोवळ्यातल्या घराण्यांचे पूर्वज उमटले आणि देवघराशेजारच्या भिंतीवर जाऊन बसले. विटाळ वस्तूत नसतो, तो वस्तू हाताळणाऱ्याच्या माथी मारलेला असतो, याला याहून बोलका पुरावा कोणता हवा?

त्याच १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. जन्मानेच माणसावर गुन्हेगारीचा शिक्का मारून त्याला हजेरीला जुंपणारा हा कायदा १९५२ साली रद्द झाला. कोल्हापुरात महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची हजेरीची सक्ती शाहू महाराजांनी १९१८ मध्येच उठवली होती. आणि त्याच साली कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने स्वतः चलच्चित्राचा कॅमेरा तयार केला. बाबूराव मेस्त्री घराण्यातले. हत्यार धरणाऱ्या हातांनीच त्यांनी ते यंत्र जुळवले. १९२५ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला आणि कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आणला. त्या शेतकऱ्याला जमातीचा नमुना म्हणून कोणी उभे केले नव्हते. त्याला स्वतःची कथा होती. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध आहे असा माझा दावा नाही. पण माणसाकडे संशयाने पाहणारी नजर आणि माणूस म्हणून पाहणारी नजर यांतला फरक त्यांतून कळतो.

हा फरक आपल्या लोकांना पुस्तकाविना कळला होता. झोपडीत धड भांडे नसेल, पण बाबासाहेबांची तसबीर असते. अंगावर कोट, हातात ग्रंथ. सरकारी खंडांनी नाव पुसून जात लिहिली होती. या तसबिरीने जातीवर मात करून नाव लिहिले. म्हणून तिला नुसती भक्ती म्हणून हिणवणे हे इतिहासाचे अज्ञान आहे.

मग आपले काम काय? वस्त्यावस्त्यांतून मोर्चांची, परिषदांची, धम्मदीक्षेची, वसतिगृहांची छायाचित्रे ट्रंकांत पिवळी पडत आहेत. त्यांतली माणसे ओळखणारे म्हातारे एकेक करून जात आहेत. कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्याजवळ बसावे, बोट ठेवून विचारावे आणि प्रत्येक चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहावे: नाव, गाव, साल. मागच्या रांगेतल्या बाईचेही नाव लिहावे. आपण ते लिहिले नाही, तर उद्या कोणीतरी त्याखाली पुन्हा नुसती जात लिहील.