अंगठ्यापासून अंगठ्यापर्यंत

समाजाच्या स्मरणिकेत इतिहासविषयक लेख म्हटला की माळव्याशी असलेले आपले नाते, छत्तीस कुळांची नामावळी आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील आपली वसाहत यांची चर्चा व्हावी, असा परिपाठ पडून गेला आहे. तो योग्यच होय. परंतु समाजाचा इतिहास केवळ स्थलांतराचा आणि कुळांचा नसतो. घरात कोणती वस्तू केव्हा आली, ती कोणाच्या हाती राहिली आणि तिच्यामुळे माणसामाणसांतील संबंध कसे पालटले, हाही इतिहासच आहे. तारेपासून मोबाइलपर्यंत जी साधने गोंदिया जिल्ह्यातील आपल्या पोवार समाजाच्या वाट्याला आली, त्यांचा मागोवा घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे. नव्या काळाबरोबर चालले पाहिजे, असे आपल्या प्रत्येक मेळाव्यात सांगितले जाते. तथापि चालणे म्हणजे काय, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

आरंभ अंगठ्यापासून करणे इष्ट होईल. आपला समाज धानशेतीवर जगणारा. मालगुजारीच्या काळात आपल्यातील काही घराणी स्वतः मालगुजार होती, हे खरे. पण बहुसंख्य कुटुंबे साध्या शेतकऱ्यांची होती, आणि त्यांचा कागदाशी येणारा संबंध अंगठ्यापुरताच असे. बियाण्यासाठी, बैलजोडीसाठी, मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढावयाचे आणि सावकार दाखवील तेथे शाईचा अंगठा उठवावयाचा. त्या कागदावर काय लिहिले आहे, हे अंगठा उठविणाऱ्यास कळत नसे. कधी तर कागद कोराच असे, आणि मजकूर मागाहून भरला जाई. १९५१ साली मालगुजारी नष्ट झाली. पुढे गावोगावी शाळा निघाल्या आणि आपली माणसे सही करू लागली. ज्या दिवशी घरातील कर्त्या पुरुषाने प्रथम स्वतःच्या नावाची वेडीवाकडी अक्षरे कागदावर उमटविली, तो दिवस आमच्या वडील पिढीतील लोक सणासारखा आठवीत असत. अंगठा सुटला, म्हणजे पारतंत्र्याचा एक फास सुटला, अशी त्यांची भावना होती.

त्याआधीच आपल्या मुलखात यंत्रयुगाचा प्रवेश झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग तयार झाला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीकडे तो गेला, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारी छोटी लाइन निघाली. तांदूळ आणि तेंदूपाने यांच्या व्यापारामुळे गोंदिया वाढले. रेल्वेबरोबर तार आली. व्यापाऱ्याला तारेने भाव कळत. शेतकऱ्याच्या घरी मात्र तार येई ती बहुधा मृत्यूचीच. तारवाला दारात दिसताच, लखोटा फोडण्यापूर्वीच, घरातील बायका रडू लागत. एकच साधन; पण ते ज्याच्या हाती होते त्यास त्याचा लाभ, आणि ज्याच्या हाती नव्हते त्यास त्याचे भय. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा आपल्या खेड्यांत तिची कोणास फारशी आठवणही राहिली नव्हती.

पत्रव्यवहाराची कथा निराळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यातील आपला मुलूख मुंबई राज्यात आला आणि पुढे महाराष्ट्रात राहिला. बालाघाट व शिवनी मध्यप्रदेशात राहिले. सोयरीक दोन्हींकडे, आणि मधून राज्याची सीमा गेली. अलीकडे मुले मराठी शाळेत जाऊ लागली, पलीकडे हिंदी शाळेत. घरातली बोली दोन्हींकडे पोवारी. पण पत्र लिहावयाचे तर एकाने मराठीत लिहावे आणि दुसऱ्याने हिंदीत वाचून घ्यावे, असा प्रकार झाला. ज्या घरांत लिहिता-वाचता येत नसे, तेथे गुरुजी किंवा पोस्टमन पत्र वाचून दाखवीत. सासुरवाशिणीने आईला काय कळवावे, हे अशा वेळी पत्र लिहिणाऱ्या परक्या माणसासमोर बोलावे लागे. त्यामुळे मनातले पुष्कळसे मनातच राही. पत्राचा शेवट ठराविक असे : येथील सर्व कुशल, तेथील कुशल कळवावे.

१९४८ साली नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाले. रेडिओ आपल्या खेड्यांत रुळला तो मात्र ट्रान्झिस्टर आल्यावर. शेतीचे कार्यक्रम, बाजारभाव, पावसाचा अंदाज यांचा उपयोग होऊ लागला, हे निर्विवाद. परंतु येथेच एका अनिष्ट प्रथेचाही उल्लेख केला पाहिजे, आणि तो करताना आम्हांस संकोच वाटतो. नवे साधन आपल्या घरांत बहुधा स्वकमाईने न येता लग्नाच्या मांडवातून आले. सायकल, मनगटी घड्याळ आणि रेडिओ ही वरपक्षाची मागणी ठरून गेली. हुंडाप्रतिबंधक कायदा १९६१ सालचा. पण मागणीचे नाव ‘आंदण’ असे ठेवले की कायद्याचा विसर पाडता येतो, हे आपण लवकरच शिकलो. पुढे रेडिओच्या जागी दूरदर्शन संच आला, सायकलच्या जागी मोटारसायकल आली. काळाबरोबर चालण्याची आपली हौस मुलीच्या बापाने कर्ज काढून भागविली, असे म्हटल्यास ते कटू वाटेल, पण खोटे ठरणार नाही. ज्या कर्जाच्या कागदावर आजोबांनी अंगठा उठविला होता, त्याच जातीच्या कागदावर वडिलांनी सही केली, एवढाच काय तो फरक.

दूरदर्शनाविषयी फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या ओसरीवर सारी आळी जमत असे आणि वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी जोडली जाई. हे दृश्य आज पन्नाशीत असलेल्या प्रत्येकाने पाहिले असेल. त्याहून महत्त्वाचा बदल टेलिफोनने घडविला. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने धूळ व उष्णता सोसणारी लहान ग्रामीण एक्स्चेंजे देशातच बनविली, आणि त्यांच्या योगे खेड्यापाड्यांत टेलिफोन पोहोचला. पिवळ्या पाटीची एसटीडी केंद्रे बाजारपेठांतून उभी राहिली. रात्री दर उतरत, म्हणून लोक जेवून रांगेत येत. काचेच्या त्या खोलीत प्रथमच सासुरवाशीण आपल्या आईशी मध्यस्थावाचून, आपल्या बोलीत बोलली. समोर फिरणाऱ्या आकड्यांकडे डोळे लागलेले असत, ही गोष्ट वेगळी.

भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हाही मोबाइल ही श्रीमंतांची वस्तू होती. आलेल्या कॉललाही पैसे पडत. २००३ मध्ये येणारे कॉल निःशुल्क झाले आणि मग तो सर्वसामान्यांच्या खिशात आला. विजेरी असलेला साधा हँडसेट रात्री बांधीवर पाणी पाहण्यास जाणाऱ्या शेतकऱ्याला विशेष सोयीचा वाटला. परंतु आपल्या समाजापुरती अडचण सीमेची होती. गोंदियाहून बालाघाट अवघे ४० किलोमीटरांच्या आसपास. पण दूरसंचाराच्या हिशेबी तो परप्रांत. तेथे बोलावयाचे तर दर अधिक, आणि हँडसेट घेऊन तेथे गेले तर रोमिंग. त्यामुळे ‘मिस्ड कॉल’ची एक सांकेतिक भाषाच तयार झाली : एकदा वाजला तर पोहोचलो, दोनदा वाजला तर तुम्ही करा. २००६ साली एका रुपयात देशभर बोलण्याची सोय सरकारी कंपन्यांनी आणली. पन्नास वर्षांपूर्वी पडलेली सीमा निदान बोलण्यापुरती पुसली गेली.

२०१६ च्या सप्टेंबरात स्वस्त इंटरनेटचे युग आले आणि स्मार्टफोन घरोघरी झाला. व्हॉट्सॲपवर गावांचे, कुळांचे, सोयऱ्यांचे समूह निघाले. यांतून झालेला एक लाभ आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. जनगणनेत हिंदीच्या पोटात मोजली जाणारी आपली पोवारी बोली शाळेत शिरली नाही, पत्रात उतरली नाही. ती ओठांवरच राहिली. ध्वनिसंदेशाने तिला प्रथमच दूरवर जाण्याचे वाहन दिले. अक्षरओळख नसलेली आजी आता पुण्यात नोकरीस असलेल्या नातवाला पोवारीत दटावते आणि तो तिचे बोलणे पुनःपुन्हा ऐकतो. तिला लेखनिक लागत नाही.

परंतु याच साधनाने काय घडविले तेही पाहावे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरून पसरलेल्या अफवेमुळे, जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर पोट भरणारे लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. बोटाने पुढे ढकललेल्या मजकुराचे दायित्व आपले नसते, ही समजूत त्या पाच प्रेतांनी खोटी ठरविली आहे. आपल्याही समूहांत सूर्योदयाबरोबर शुभेच्छांचा पूर येतो आणि निवडणुकीच्या दिवसांत त्याच समूहांत भाऊबंद एकमेकांवर चिखल उडवितात. ज्या वाक्याखाली आपण स्मरणिकेत आपले नाव छापू देणार नाही, ते वाक्य आपण क्षणात शंभर घरी पाठवितो.

स्मरणिकेचा विषय निघालाच आहे, तर तिच्याविषयीही थोडेसे. पूर्वी अशा स्मरणिका खिळ्यांनी जुळवीत. मागाहून संगणकावरील अक्षरजुळणी आली. त्या काळी निरनिराळ्या कंपन्यांचे मराठी टंक निरनिराळ्या सांकेतिक पद्धतींचे होते. युनिकोड ही सर्वमान्य पद्धती १९९१ पासून अस्तित्वात असली, तरी छपाईच्या व्यवसायात ती रुळण्यास फार काळ लागला. परिणाम असा की, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर जुळविलेल्या वंशावळी व लेख आज उघडले असता अर्थहीन चिन्हांचा ढीग दिसतो. त्याच लेखांची छापील प्रत मात्र पेटीत शाबूत असते. नवे तेवढे टिकाऊ, हा भ्रम आहे.

आता पुन्हा अंगठ्याकडे येऊ. रास्त धान्याच्या दुकानात यंत्रावर अंगठा टेकविल्यावाचून धान्य मिळत नाही. गावातील बँकमित्राकडे पैसे काढावयाचे तर आधारशी जोडलेल्या यंत्रावर अंगठाच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र मोबाइलवरून पाठवावयाचे. सातबाऱ्यावर धानाची नोंद नसेल, तर आधारभूत किमतीने धान विकताना अडचण येते. देवरी-सालेकसाकडील जंगलपट्टीत कित्येक ठिकाणी नेटवर्क मिळविण्यासाठी शेतकऱ्याला उंचवटा शोधावा लागतो. आमच्या पाहण्यातील एका वृद्ध गृहस्थांनी हे काम भाच्यावर सोपविले. भाच्याने शेजारच्या पडीक तुकड्याचे छायाचित्र पाठविले. चूक लक्षात आली ती धान विकावयाच्या वेळी. ते गृहस्थ सातवीपर्यंत शिकलेले, रोज वर्तमानपत्र वाचणारे; परंतु त्या दिवशी ते आम्हांस म्हणाले, ‘‘मी पुन्हा अंगठाबहाद्दर झालो.’’

या उद्गारात आमच्या साऱ्या लेखाचे सार आले आहे. प्रत्येक नव्या साधनाबरोबर मध्यस्थ पालटला : सावकाराचा मुनीम गेला आणि पत्र वाचणारे गुरुजी आले, ते गेले आणि एसटीडी केंद्रवाला आला, तोही गेला, आणि आज ऑनलाइन सेवा केंद्रातील तरुण किंवा घरातील शाळकरी मुलगा आला आहे. यांतील बहुतेक माणसे सज्जन होती व आहेत. पण परावलंबन ते परावलंबनच. ओळखीच्या वा अनोळखी माणसाला मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून दाखविणे आणि सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठविणे यांत आम्हांस काडीचाही फरक दिसत नाही. मजकूर दोन्ही ठिकाणी मागाहूनच भरला जातो.

म्हणून काळाबरोबर चालणे म्हणजे नवे मॉडेल विकत घेणे नव्हे. दर दोन वर्षांनी हँडसेट बदलणारा, पण आपल्या खात्यातून किती रक्कम कोठे गेली हे न कळणारा मनुष्य मागासलेलाच. आणि जुना हँडसेट वापरून स्वतःचा सातबारा स्वतः काढणारी स्त्री पुढारलेली. नवे सर्व वाईट म्हणून पाठ फिरविणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे की, व्यवहार आता तुमची वाट पाहत थांबणार नाही. २०२० साली शाळा बंद होऊन वर्ग मोबाइलवर गेले, तेव्हा ज्या घरांत तो नव्हता तेथील मुलांचे काय झाले, ते आपण पाहिले आहे.

आमची ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती एवढीच : ज्या गावी आपले समाजभवन आहे तेथे आठवड्यातून एक संध्याकाळ कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांना शिकविण्यासाठी द्यावी. मात्र मोबाइल शिकणाऱ्याच्याच हाती असावा. शिकविणाऱ्याने तो स्वतःकडे घेऊ नये. त्यात प्रथम बसावयाचा मान स्त्रियांना द्यावा, कारण बँकेचे खाते त्यांच्या नावे असले तरी हँडसेट बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. मोबाइल वा मोटारसायकल यांची मांडवातील मागणी समाजाने निंद्य ठरवावी. आणि वृद्धांकडील गीते, म्हणी, कुळांच्या हकीकती पोवारीत ध्वनिमुद्रित करून, त्यांची एक छापील प्रतही ठेवावी.

आमच्या आजोबांच्या पिढीने सही शिकावयास पाटी-पेन्सिल घेतली, तेव्हा त्यांच्याही बोटांना कंप सुटत होता, आणि शेजारी हसतही होते. त्यांनी लाज बाळगली नाही, म्हणून आपण येथवर आलो. तेवढेच धैर्य आज आपणांस हवे आहे.