काळजाची रेघ

लंडनच्या रॉयल सोसायटीत १९०९ साली एका कुत्र्याने मोठी गंमत उडवून दिली. डॉ. ऑगस्टस वॉलर ह्यांचा हा बुलडॉग, नाव जिमी. मिठाच्या पाण्यात पाय बुडवून तो मुकाट उभा राही आणि त्याच्या काळजाच्या ठोक्यासरशी यंत्राची रेघ हलू लागे. मुक्या जनावराचा छळ होतो म्हणून पार्लमेंटात प्रश्नही विचारला गेला! माणसाच्या हृदयातल्या विजेची नोंद वॉलरने १८८७ सालीच घेतली होती. पण इस्पितळात तिचा फारसा उपयोग होईल, असे खुद्द त्यालाच वाटत नव्हते.

तो उपयोग दाखविला विलेम आइंथोव्हेनने. हा डच प्राध्यापक जन्मला जावा बेटावर, १८६० साली. लायडनला त्याने दोन चुंबकांमध्ये क्वार्ट्झचा केसाहून बारीक, चांदी चढविलेला तंतू ताणला आणि काळजाची वीज अचूक टिपली. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो. चालवायला पाच माणसे! ते रोग्याकडे कसे न्यावे? मग १९०५ साली इस्पितळापासून प्रयोगशाळेपर्यंत दीड किलोमीटर टेलिफोनची तार जोडली आणि रोग्याच्या ऐवजी त्याचे ठोकेच यंत्राकडे आले. १९२४ सालचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

हृदयाच्या रक्तवाहिनीत गाठ अडकली, तरी रोगी तत्काळ दगावतोच असे नाही, हे शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक ह्यांनी १९१२ साली दाखवून दिले. म्हणजे वाचवायला वेळ असतो! म्हणून तर परीक्षेला मोल आले.

मात्र पहिला कार्डिओग्राम कधीकधी निर्दोष निघतो आणि घात होतो. त्यावर उपाय ट्रोपोनिनचा. हृदयाचा स्नायू दुखावला की हे प्रथिन रक्तात उतरते. म्हणून काही तासांनी रक्त पुन्हा तपासतात. २००० सालापासून झटक्याच्या निदानात ह्या तपासणीला मुख्य स्थान आहे.

वाचकहो, ही कथा म्हाताऱ्यांचीच नव्हे. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतर देशांतल्या लोकांपेक्षा सुमारे सहा वर्षे लवकर येतो, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. तरुणाच्या छातीतली कळ बहुधा स्नायूची किंवा पित्ताचीच असते, हे खरे. पण 'बहुधा' ह्या शब्दावर जीव टांगून ठेवू नये. इस्पितळात पाऊल टाकल्यापासून दहा मिनिटांत कार्डिओग्राम निघावा, असा आज दंडक आहे. फराळानंतर घरातला तिशीचा मुलगा छाती धरून बसला, तर ओवा-सोड्यात वेळ दवडू नका. जिमीने पाय भिजविले, ते उगाच नव्हे!