फूड बँक : अडलेल्या घराला तीन दिवसांची शिदोरी

इंग्लंडच्या दक्षिणेकडील सॉल्झबरी हे शहर ब्रिटनमधील सर्वांत उंच मनोरा असलेल्या कॅथेड्रलसाठी प्रसिद्ध आहे. बाहेरून येणाऱ्या पर्यटकाला हे टुमदार, खाऊनपिऊन सुखी गाव वाटते. याच गावातील पॅडी आणि कॅरल हेंडरसन या दाम्पत्याने कॅरल यांच्या आईच्या वारसाहक्कातून आलेल्या पैशांतून १९९७ मध्ये 'ट्रसेल ट्रस्ट' ही संस्था स्थापन केली होती. आईचे नाव बेटी ट्रसेल. म्हणून संस्थेचे हे नाव. बल्गेरियाची राजधानी सोफिया येथील रेल्वे स्थानकावर झोपणाऱ्या मुलांना मदत करणे, हा तिचा मूळ हेतू होता. सन २००० मध्ये हेंडरसन यांना सॉल्झबरीतीलच एका आईचा दूरध्वनी आला. आज रात्री आपली मुले उपाशी झोपणार आहेत, त्याचे तुम्ही काय करणार, असा तिचा प्रश्न होता. परदेशातील भुकेसाठी निधी जमविणाऱ्या या दाम्पत्याला आपल्या गावातील भूक तोवर दिसलीच नव्हती. त्यांनी चौकशी केली, तेव्हा एखादे अनपेक्षित संकट कोसळताच घरातील अन्न संपते, अशी अनेक कुटुंबे गावात असल्याचे आढळले. घरामागच्या बागेतील खोपट्यात आणि मोटारीच्या गॅरेजमध्ये सॉल्झबरीची पहिली फूड बँक सुरू झाली.

फूड बँक, म्हणजेच अन्नपेढी, ही अन्नछत्राहून वेगळी व्यवस्था आहे. अन्नछत्रात शिजविलेले अन्न येईल त्याला तेथेच वाढले जाते. फूड बँकेत टिकाऊ शिधा साठविला जातो आणि अडचणीतील कुटुंबाला तो घरी नेऊन शिजविण्यासाठी दिला जातो. चूल आपल्याच घरी पेटते, मुले आपल्याच घरी जेवतात. हा फरक वरकरणी लहान वाटला, तरी घेणाऱ्याच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे.

कल्पनेचा उगम

या कल्पनेचे जनकत्व अमेरिकेतील जॉन व्हॅन हेंगेल यांच्याकडे जाते. अॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात ते गरिबांसाठी चालणाऱ्या भोजनगृहात स्वयंसेवक म्हणून काम करीत. किराणा दुकानांमागच्या कचऱ्याच्या पेट्यांतून खाण्याजोगे जिन्नस वेचून मुलांना जगविणारी एक स्त्री त्यांना भेटली. पैसे ठेवण्या-काढण्यासाठी जशी बँक असते, तशी अन्नाचीही असावी, ही कल्पना त्या भेटीतून निघाली. १९६७ मध्ये 'सेंट मेरीज फूड बँक' उभी राहिली. ती जगातील पहिली फूड बँक मानली जाते. कॅनडात पहिली फूड बँक १९८१ मध्ये एडमंटन येथे, तर युरोपात पहिली १९८४ मध्ये पॅरिस येथे स्थापन झाली.

या संस्थांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. अमेरिकेतील मोठ्या फूड बँका म्हणजे वस्तुतः घाऊक कोठारे. कारखाने, शेतकरी व दुकाने यांच्याकडील शिल्लक माल त्या गोळा करतात आणि छोट्या संस्थांमार्फत वाटतात. ब्रिटनमध्ये हे काम १९९४ मध्ये सुरू झालेली 'फेअरशेअर' ही संस्था करते. ट्रसेलच्या फूड बँका मात्र थेट अडलेल्या कुटुंबाशी संबंध ठेवतात आणि त्यांच्याकडील बराचसा शिधा सामान्य नागरिकांनी दिलेला असतो.

काम कसे चालते?

शिधा जमविण्याची रीत साधी आहे. सुपरमार्केटच्या दारात एक मोठी पेटी ठेवलेली असते. ग्राहक आपल्या खरेदीबरोबर एखादा जादा डबा वा पुडा घेतो आणि बाहेर पडताना पेटीत टाकतो. चर्च आणि शाळा यांच्याकडूनही, विशेषतः शरद ऋतूतील सुगीच्या उत्सवात, मोठ्या प्रमाणावर जिन्नस येतात. कोठारात स्वयंसेवक त्यांचे वजन करतात, प्रत्येक डब्यावरची मुदत तपासतात आणि मुदतीच्या क्रमाने खोकी लावतात. ज्याची मुदत आधी संपणार, ते खोके आधी बाहेर पडते.

शिधा मिळविण्यासाठी मात्र एक पायरी ओलांडावी लागते. डॉक्टर, शाळा, समाजसेवक, आरोग्यसेविका, नागरिकांना मोफत सल्ला देणारी केंद्रे अशांपैकी कोणीतरी त्या कुटुंबाची अडचण ओळखून त्याला कुपन देते. पूर्वी हे कुपन लाल कागदाचे असे. आता बहुतेक ठिकाणी ते संगणकावरूनच पाठविले जाते. कुपन घेऊन कुटुंबातील व्यक्ती वाटप केंद्रात येते. हे केंद्र बहुधा चर्चच्या सभागृहात, आठवड्यातून काही ठरावीक तासच उघडे असते. आलेल्याला आधी बसवून चहा दिला जातो. एक स्वयंसेवक शेजारी बसून बोलतो, तोवर दुसरा आत पिशव्या भरतो.

पिशवीत माणशी किमान तीन दिवस पुरेल असा समतोल आहार असतो. न्याहारीचे धान्य, सूप, पास्ता, तांदूळ, टोमॅटोचे डबे, राजम्यासारखी कडधान्ये, डबाबंद भाज्या, मांस वा मासे, फळे, टिकाऊ दूध, चहा आणि बिस्किटे हे त्यातील नेहमीचे जिन्नस. ज्याच्या घरी शेगडी नाही, केवळ पाणी उकळण्याची किटली आहे, त्याला गरम पाणी ओतून तयार होणारे पदार्थ देतात. ज्याच्याकडे तेही साधन नाही, त्याला न शिजविता खाता येणारे जिन्नस मिळतात. साबण, लहान मुलांची लंगोटे, सॅनिटरी नॅपकिन या वस्तूही ठेवलेल्या असतात. कारण अन्नाला पैसे नसतात, तेव्हा यांनाही नसतात.

कुपन कशासाठी?

भुकेल्याकडे कागद मागणे अनेकांना खटकते. ब्रिटनमध्येही या पद्धतीवर टीका होते आणि काही स्वतंत्र फूड बँका कुपनाशिवाय शिधा देतात. कुपनाच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद असा, की शिधा तीन दिवसांचा असतो आणि संकट बहुधा त्याहून मोठे असते. कुपन देणारी संस्था त्या कुटुंबाला ओळखत असेल, तर संकटाच्या मुळाशी हात घालणारे कोणीतरी असते. सहा महिन्यांत एकाच घराला तीनपेक्षा अधिक वेळा शिध्याची गरज पडली, तर फूड बँकेने त्या संस्थेशी बोलावे, अशी रीतच ट्रसेलने पाडली होती. हेतू त्या घराला टाळण्याचा नसून, मूळ प्रश्न अजून का सुटला नाही, हे शोधण्याचा होता.

चहाच्या टेबलावरील संभाषणाचे मोल येथे कळते. पिशवीची वाट पाहत बसलेली व्यक्ती भाडे थकल्याचे सांगते, वीज कापली गेल्याचे सांगते, सरकारी कार्यालयातून आलेले पत्र न समजल्याचे सांगते. ब्रिटनमधील अनेक गरीब घरांत वीज व गॅसचे मीटर आधी पैसे भरून चालवावे लागतात. पैसे संपले, की घर थंड पडते. काही फूड बँका त्यासाठीही मदत देतात. कर्जाची फेड, घरभाडे, सरकारी भत्ते यांबाबत सल्ला देणारी तज्ज्ञ व्यक्ती अनेक केंद्रांत त्याच सभागृहात बसलेली असते. आपल्याला मिळू शकणारा भत्ता आपण कधी मागितलाच नव्हता, हे काहींना येथे प्रथमच कळते. अशा घराला मिळालेल्या पिशवीपेक्षा ही माहिती अधिक काळ पुरते.

कोण येते?

फूड बँकेत येणारे आळशी किंवा व्यसनी असतात, हा समज जसा इतरत्र आहे तसा ब्रिटनमध्येही आहे. पाहण्यांतून त्याला आधार मिळत नाही. ट्रसेलने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार फूड बँकेकडे पाठविल्या गेलेल्या दर १० जणांपैकी सुमारे ७ जण अपंग किंवा दीर्घ आजाराने ग्रासलेले होते. तर दर ५ जणांपैकी एकाच्या घरात कोणीतरी कमावते होते. म्हणजे नोकरी असूनही घर चालत नाही, अशी ही स्थिती. नोकरी गेलेला, नवऱ्याच्या छळाला कंटाळून मुलांसह घर सोडलेली स्त्री, कामाचे तास अचानक कमी झालेला मजूर, भत्त्याचा अर्ज अडकलेला रुग्ण, अशी माणसे या रांगेत असतात.

सरकारी व्यवस्थेतील विलंब हे भुकेचे मोठे कारण ठरल्याचे दिसते. २०१३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या 'युनिव्हर्सल क्रेडिट' या भत्त्यात पहिली रक्कम हाती पडण्यास आरंभी सहा आठवडे लागत; २०१८ मध्ये ही मुदत पाच आठवड्यांवर आणण्यात आली. या काळासाठी आगाऊ रक्कम मिळते, पण ती पुढच्या हप्त्यांतून कापली जाते. ज्याच्या गाठीशी काहीच शिल्लक नाही, त्याला हे आठवडे काढणे जड जाते. केन लोच यांच्या 'आय, डॅनियल ब्लेक' या २०१६ मधील चित्रपटात न्यूकॅसलच्या फूड बँकेतील एक प्रसंग आहे. मुलांना खाऊ घालण्यासाठी स्वतः उपाशी राहिलेली आई तेथे भूक अनावर होऊन हातातला डबा फोडते आणि लगेच शरमेने कोलमडते. कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळविणाऱ्या या चित्रपटाने ही रांग घरोघरी पोहोचविली.

ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनाही एक गोष्ट माहीत असलेली बरी. विद्यार्थी व्हिसावर राहणाऱ्यांना तेथील सरकारी भत्ते घेता येत नाहीत. धर्मादाय फूड बँकेचा शिधा मात्र सरकारी निधीत मोडत नाही.

वाढता पसारा, वाढती चिंता

ट्रसेलच्या केंद्रांतून २००८-०९ मध्ये सुमारे २६ हजार जणांना शिधा मिळाला होता. २०१३-१४ मध्ये हा आकडा ९ लाखांच्या पुढे गेला. २०२३-२४ मध्ये सुमारे ३१ लाख २० हजार शिधापिशव्या वाटल्या गेल्या आणि त्यांतील ११ लाखांहून अधिक मुलांसाठी होत्या. २०२४-२५ मध्ये हा आकडा सुमारे २९ लाखांवर आला. एकच व्यक्ती वर्षात अनेकदा येऊ शकते, त्यामुळे हे आकडे माणसांचे नसून दिलेल्या मदतीचे आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते. याखेरीज हजारांहून अधिक स्वतंत्र फूड बँका आहेत. २००८ चे आर्थिक संकट, २०१० नंतरची सरकारी खर्चकपात, २०२० ची महासाथ आणि त्यानंतरची महागाई यांचे पडसाद या आकड्यांत उमटले. मार्च २०२३ मध्ये ब्रिटनमधील अन्नधान्याची महागाई १९ टक्क्यांवर गेली होती. त्या काळात रांग वाढली आणि पेटीत डबे टाकणाऱ्यांचे हातही आखडले.

टीकाकारांचा मुख्य आक्षेप येथेच आहे. फूड बँक जितकी कार्यक्षम, तितकी सरकारची जबाबदारी नजरेआड होते, असे त्यांचे म्हणणे आहे. एडमंटनची फूड बँक तात्पुरती सोय म्हणून निघाली होती. चार दशके उलटून गेली तरी ती चालूच आहे. शिवाय दान हे दात्याच्या इच्छेवर चालते. ज्या आठवड्यात डबे कमी येतात, त्या आठवड्यात पिशवी हलकी होते आणि घेणाऱ्याला त्याबद्दल दाद मागता येत नाही. ट्रसेलला हा आक्षेप मान्य आहे. फूड बँकांची गरजच उरू नये, हे आपले ध्येय असल्याचे ही संस्था जाहीरपणे सांगते.

आपल्याकडील चित्र

गरजूला मान राखून जेवू घालण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात शिकायला येणारी गरीब मुले एकेकाळी वार लावून जेवत. आठवड्यातला एकेक दिवस एकेका घरी त्यांचे पान मांडलेले असे. अलीकडच्या काळात मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ मध्ये 'रोटी बँक' सुरू केली आणि समारंभांत उरलेले अन्न गरजूंपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले. आपल्याकडील अशा उपक्रमांत शिजविलेल्या अन्नाचा वाटा मोठा असतो. उष्ण हवेत ते काही तासांत पोहोचविणे भाग असते. अशा शिल्लक अन्नाच्या वाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये नियमही केले आहेत.

मूलभूत फरक मात्र कायद्याचा आहे. भारतात २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. रेशन दुकानातील धान्य हा कोणाचा उपकार नाही. ते न मिळाल्यास तक्रार करता येते. तरीही २०२० च्या टाळेबंदीत शिधापत्रिका गावी राहिलेल्या हजारो स्थलांतरित मजुरांची शहरांत उपासमार झाली आणि डाळ-तांदळाच्या पिशव्या घेऊन स्वयंसेवी कार्यकर्त्यांनाच धावावे लागले. हक्क कागदावर असला, तरी तो हाती पडेपर्यंतच्या दिवसांत कोणीतरी आधार द्यावा लागतो, हेच त्यातून दिसले.

फूड बँकेची खरी जागा या मधल्या दिवसांत आहे. तीन दिवसांचा शिधा कोणाची गरिबी दूर करीत नाही; अडकलेला भत्ता सोडविण्यास, थकलेल्या भाड्याचा हप्ता ठरविण्यास, नवे काम शोधण्यास तो थोडी उसंत देतो. त्या तीन दिवसांत पुढची मदत उभी राहिली, तर पिशवी सार्थकी लागते. तसे झाले नाही, तर तेच कुटुंब चौथ्या दिवशी पुन्हा दाराशी येते आणि सॉल्झबरीच्या त्या आईचा प्रश्न पुन्हा विचारते.