संशय यावा इतके स्वच्छ: जुन्या पुस्तकांची ‘स्थिती’ आणि टॉमस वाइज

१/ जुन्या पुस्तकांच्या इंग्रजी व्यापारात ‘गुड’ म्हणजे चांगले नव्हे. कोपरे झिजलेले, शिवण सैलावलेली, आधीच्या मालकाचे नाव पहिल्या पानावर. पण पाने सगळी जागेवर, अशा सर्वसाधारण प्रतीला ‘गुड’ म्हणतात. या फसव्या परिभाषेचा आणि तिच्या आडोशाने झालेल्या एका मोठ्या बनावटीचा हा धागा.

२/ रद्दीच्या दुकानात पुस्तक हातात घेऊन उलटून पाहता येते. टपालाने चालणाऱ्या व्यापारात ती सोय नव्हती. लंडनचा विक्रेता छापील यादी पाठवी आणि शिकागोचा संग्राहक ती वाचून मागणी नोंदवी. पुस्तक हाती पडेपर्यंत त्याच्यापाशी विक्रेत्याच्या दोन ओळींखेरीज काही नसे. त्या ओळी म्हणजे एक प्रकारची हमीच.

३/ प्रत्येक विक्रेता हे शब्द आपल्या मापाने वापरी. अखेर १९४९ मध्ये ‘अँटिक्वेरियन बुकमन’ या अमेरिकी व्यापारी साप्ताहिकाने एक उतरंड सुचवली: अ‍ॅज न्यू, फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. ‘व्हेरी गुड’ प्रतीत किंचित झीज चालते, फाटलेले चालत नाही. ‘फेअर’मध्ये मजकूर पूर्ण हवा, आरंभीची कोरी पाने गेलेली असली तरी हरकत नाही. ‘पुअर’ प्रत केवळ वाचण्यापुरती. श्रेणी कोणतीही असो, दोष वेगळे नोंदवायचे.

४/ जाणकार परीक्षक पुठ्ठ्याचे सांधे, शिवण, कण्याचा उडालेला रंग, कागदावरचे तांबूस डाग आणि कसरीची भोके पाहतो. मग फर्म्यांच्या तळाशी छापलेली खूणअक्षरे क्रमाने जुळवून पान न पान मोजतो. हे काम कंटाळवाणे असते, म्हणून ते अनेकदा टाळले जाते.

५/ ‘उत्तम स्थिती’ची कल्पनाही काळानुसार पालटली. अठराव्या शतकातील धनिक संग्राहक जुनी बांधणी काढून टाकत, पाने धुऊन घेत, कडा छाटत आणि नवे चामडे चढवत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हौस नेमकी उलटली. आता शेली, टेनिसन, ब्राउनिंग यांच्या पहिल्या आवृत्त्या मूळ वेष्टनात, न छाटलेल्या कडांसह हव्या होत्या. अस्पर्श प्रतीला भाव आला.

६/ हा बदल टॉमस जेम्स वाइज (१८५९–१९३७) याने अचूक हेरला. सुगंधी तेलांच्या एका पेढीत कारकून म्हणून लागलेला हा माणूस इंग्लंडचा अग्रगण्य ग्रंथसूचीकार झाला, ‘बिब्लिओग्राफिकल सोसायटी’चा अध्यक्ष झाला. त्याचा खासगी संग्रह ‘अ‍ॅश्ली लायब्ररी’ म्हणून गाजला. त्याने सूचीत नोंदवले की विक्रेते डोळे झाकून मानत.

७/ त्याची युक्ती साधी होती. अस्तित्वात असलेल्या पहिल्या आवृत्तीची नक्कल केली, तर कोणीतरी ती अस्सल प्रतीशेजारी ठेवून पाहणारच. म्हणून त्याने कधीच नसलेल्या पहिल्या आवृत्त्या तयार केल्या: ज्ञात कविता किंवा निबंध घ्यायचा, छोटी पुस्तिका छापायची आणि तिच्यावर आधीचे साल घालायचे. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगची प्रसिद्ध सुनीते १८५० च्या संग्रहात आली. वाइजच्या पुस्तिकेवर ‘रेडिंग, १८४७’ असे छापलेले आहे. तुलनेला अस्सल प्रतच नाही. शिवाय तिची नोंद सूचीत करणारा तोच. हॅरी बक्स्टन फोरमन हा दुसरा नामवंत अभ्यासक या उद्योगात त्याचा साथीदार होता.

८/ या पुस्तिका बाजारात येत त्या बहुधा सुरेख अवस्थेत. यादी करणाऱ्यांना त्यात आनंदच होता. १९३४ मध्ये जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण पुस्तकविक्रेत्यांनी मात्र अडचणीचे प्रश्न विचारले. ही पुस्तिका कवयित्रीने स्नेह्यांसाठी खासगीत छापवली असेल, तर तिच्या हस्ताक्षरातील एकही अर्पण कसे नाही? त्या काळातील मालकाचे नाव नाही, त्या काळातील बांधणी नाही. जवळपास चाळीस वर्षे या प्रती होत्या कुठे?

९/ उत्तर कागदाने दिले. इंग्लंडमध्ये एस्पार्टो गवताचा कागद १८६१ पासून, तर रासायनिक लाकूडलगद्याचा १८७४ नंतरच वापरात आला. ‘१८४७’च्या पुस्तिकेत लाकूडलगदा निघाला. टाइपातील ‘एफ’ आणि ‘जे’ ही अक्षरे १८८० नंतर कोरलेल्या वळणाची होती आणि त्यांचा माग ‘रिचर्ड क्ले’ या छापखान्यापर्यंत गेला. असे पुरावे एक-दोन नव्हे, कित्येक पुस्तिकांबाबत जमले.

१०/ कार्टर-पोलार्ड यांनी वाइजला थेट बनावटखोर म्हटले नाही. तशी गरजही उरली नव्हती. पंचाहत्तरीला टेकलेल्या वाइजने अखेरपर्यंत कबुली दिली नाही. १९३७ मध्ये तो वारला आणि त्याचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला.

११/ त्यामुळे दुसरे, अधिक कुरूप प्रकरण उघडकीस आले. म्युझियममधील सतराव्या शतकातील नाटकांच्या प्रतींतून पाने नाहीशी झालेली होती आणि वाइजच्या प्रती संशयास्पद रीतीने ‘पूर्ण’ होत्या. डेव्हिड फॉक्सन याने पाने शेजारी ठेवून तपासली आणि १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. दोनशेहून अधिक पाने चोरीला गेली होती. त्यांतील काही वाइजच्या प्रतींत, तर काही शिकागोच्या जॉन हेन्री रेन या त्याच्या ग्राहकाच्या प्रतींत शिवलेली सापडली. रेनचा संग्रह तोवर टेक्सास विद्यापीठात होता, त्यामुळे तपास समुद्रापार करावा लागला. प्रत पूर्ण असल्याने किंमत चढते आणि ती पूर्ण कशी झाली हे यादीतली ओळ सांगत नाही. वाइज जगला तो या फटीत.

१२/ चोरी सिद्ध करायला उपयोगी पडल्या त्या फाटलेल्या कडा, ओलीचे डाग आणि जुन्या शिवणीची छिद्रे. लंडनमधील प्रतीत डाग जिथे तुटत होता, तिथून पुढे तो चोरलेल्या पानावर सुरू होत होता.