बोरघाटातील उतार आणि गॅल्टनचे आकडे

१८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली, तेव्हा गाडी वर चढवण्याइतकेच ती सुखरूप खाली उतरवणेही अवघड होते. सुमारे २५ किलोमीटरांत ५५८ मीटरांची चढण, आणि काही ठिकाणी ३७ मीटरांमागे १ मीटर असा तीव्र उतार! न्यू टाउनच्या सपाट भूमीवर बसून याची कल्पना येत नाही. म्हणून आकडे मांडून पाहू. अशा उतारावर १०० टनांच्या गाडीला गुरुत्वाकर्षण सुमारे २६.५ किलोन्यूटन बलाने खाली ओढते. वेग केवळ स्थिर ठेवायचा, तरी जवळपास तेवढा रोध अखंड हवा. संपूर्ण घाट उतरताना सुमारे ५४७ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. सोळाशे लिटर पाणी उकळीला आणील एवढी ही उष्णता बहुतांशी ब्रेकचे ठोकळे आणि चाके यांनाच सोसावी लागे.

पण ठोकळा चाकावर दाबला की प्रत्यक्षात रोध किती मिळतो? कूलाँच्या नियमानुसार सरकते घर्षण वेगावर अवलंबून नसते, आणि पाठ्यपुस्तकातील उदाहरणे आपण आजही तसेच धरून सोडवतो. १८७८ मध्ये कॅप्टन डग्लस गॅल्टन यांनी वेस्टिंगहाउस यांच्या साहाय्याने इंग्लंडमधील ब्रायटन मार्गावर एका खास डब्यात स्वयंनोंदी बलमापक बसवले आणि धावत्या गाडीतच ही बले मोजली. बिडाच्या ठोकळ्याचा घर्षणांक चाक थांबण्याच्या बेतात ०.३३च्या आसपास होता. ताशी ६० मैल वेगाला तो जेमतेम ०.०७ उरला. चाक पूर्ण जखडून रुळावर घसरू लागले की रोध वाढण्याऐवजी एकदम घटे. शिवाय ठोकळा जितका अधिक काळ दाबून धरावा, तितके घर्षण कमी होत जाई. घाटाच्या दृष्टीने मला हा शेवटचा निष्कर्ष सर्वांत भयावह वाटतो, कारण तेथे ब्रेक काही सेकंद नव्हे, मैलोन्‌मैल लावून ठेवावा लागतो. त्यात वेग थोडा वाढला की पकड सुटते आणि पकड सुटली की वेग आणखी वाढतो.

म्हणूनच बोरघाटात ‘कॅच सायडिंग’ आहेत. सांधे एरवी चढावर जाणाऱ्या या आडफाट्याकडेच वळवलेले असतात. उतरणारी गाडी आधी थांबून दाखवते, मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. बेफाम सुटलेली गाडी आडफाट्यावर चढते आणि तिची गतिज ऊर्जा पुन्हा उंचीत रूपांतरित होते. ब्रेक दगा देणारच, असे गृहीत धरून केलेली ही योजना मोठी प्रामाणिक आहे.

१९२९ मध्ये विद्युतीकरण पुण्यापर्यंत पोहोचले. नव्या इंजिनांच्या मोटारी उतारावर जनित्राचे काम करीत. ठोकळ्यांत जळून जाणाऱ्या ऊर्जेचा काही अंश त्यामुळे तारेत परतू लागला आणि घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येऊ लागला.