शाकाहार, मांसाहार आणि ब-१२ जीवनसत्त्व

शाकाहार श्रेष्ठ की मांसाहार, या वादाचे उत्तर आहाराच्या नावात नसून ताटातील अतिरेक आणि उणीव यांत आहे. ब्रिटनमधील सुमारे ४८ हजार व्यक्तींच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मांसाहारी गटाच्या तुलनेत शाकाहारींमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराचे प्रमाण २२ टक्क्यांनी कमी, तर पक्षाघाताचे प्रमाण २० टक्क्यांनी अधिक आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, हॅम यांसारख्या प्रक्रियायुक्त मांसाचा समावेश कर्करोगकारक पदार्थांत केला.

शाकाहारातील मुख्य उणीव आहे ती ब-१२ जीवनसत्त्वाची. रक्तातील तांबड्या पेशी आणि मज्जातंतू यांना ते आवश्यक असते. ते केवळ सूक्ष्म जीव तयार करतात आणि मांस, मासे, अंडी व दूध यांतून ते माणसाला मिळते. धान्ये, डाळी, भाज्या यांत ते जवळजवळ नसते. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज सुमारे दोन ते अडीच मायक्रोग्रॅम असून पाव लिटर गाईच्या दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने कमतरता उशिरा लक्षात येते. थकवा, हातापायांना मुंग्या, जिभेचा दाह, विस्मरण ही तिची लक्षणे होत. पालेभाज्यांतील फोलेट भरपूर असल्यास रक्तक्षय झाकला जातो; मज्जातंतूंची हानी मात्र सुरूच राहते.

या उणिवेचा परिणाम पुढील पिढीवरही होऊ शकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. गरोदरपणात दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी आढळले. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक होता, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले. असा प्रतिरोध पुढे मधुमेहास पोषक ठरतो.

यासाठी मांसाहार स्वीकारण्याची गरज नाही. दूध, दही, ताक यांचा नियमित समावेश उपयुक्त ठरतो. दूधही वर्ज्य करणाऱ्यांना गोळ्या किंवा ब-१२ युक्त केलेले पदार्थ घ्यावेच लागतात. स्पिरुलिना त्याला पर्याय नाही. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही यांनी वैद्यकीय सल्ल्याने रक्ततपासणी करून घेणे हितावह होय.